बिनहातांच्या पाहुण्या

एप्रिलमध्ये आमच्या रावेरात केळीची पानंसुद्धा कडेने करपतात. अशा गावात, खिडकीपासून जरा आत सरकवलेल्या फडताळात, उत्तर जपानच्या बर्फाळ तोहोकू भागातल्या लाकडी बाहुल्या उभ्या आहेत. त्यांना कोकेशी म्हणतात. गोल डोकं, सरळसोट धड, कुंचल्याच्या दोन-चार फटकाऱ्यांत उमटलेले नाकडोळे. हात नाहीत, पाय नाहीत. शेजारच्या काकूंनी त्या पहिल्यांदा पाहिल्या, चष्मा वर सारला आणि विचारलं, "हिले हातच नही, मंग हे काम काय करते?"

एकेकाळी करत होती. जपानच्या एडो काळाच्या अखेरीस, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, गरम पाण्याच्या झऱ्यांजवळचे कातारी वाट्या-ताटल्यांसोबत या बाहुल्याही कातू लागले. शेतीच्या कामातून सुटलेले शेतकरी अंग शेकायला झऱ्यांवर येत आणि परतताना पोरांसाठी एखादी घेऊन जात. धड मुठीत मावलं की पोरीचं भागलं, हात हवेत कुणाला! पुढे १९२८ साली सेंदाईच्या आमाए तोमिया यांनी कोकेशीवर पुस्तक काढलं. मोठ्या माणसांना तिचं कौतुक वाटू लागलं आणि बाहुली मुठीतून निघून फडताळात चढली. तिथं तिचा खेळ संपला, आम्हा संग्राहकांचा सुरू झाला.

आमचा खेळही मजेशीर. गाण्यासारखी इथेही घराणी आहेत, परंपरेने अकरा मानतात. त्सुचियूची असेल तर टाळूवर वर्तुळात वर्तुळं, नारुकोची असेल तर अंगावर शेवंती. पण जाणकार संग्राहक आधी चेहरा बघतच नाही. बाहुली उचलतो, उलटी करतो आणि बुडाशी कारागिराची सही शोधतो. मुलगी बघायला जावं आणि 'आधी तळपाय दाखवा' म्हणावं, तसलाच प्रकार. मीही तेच करतो. बाहुली बिचारी डोकं खाली, डोळे मिटल्यासारखे बारीक, सगळं सोसते. फक्त नारुकोची तेवढी बोलते. तिचं डोकं, कातताना फिरणाऱ्या धडाच्या खाचेत दाबून बसवलेलं असतं. ते हळूच वळवलं की 'कुईं' असा आवाज निघतो. दुपारी गाव झोपलेलं असताना तो आवाज मी काढून बघतो. साठीतल्या माणसाने बाहुलीची मान पिळत बसावं, हे दार लावूनच करायचं काम आहे.

काकूंच्या प्रश्नामागे मात्र त्यांच्या घरची बाहुली उभी होती, हे मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला कळलं. खान्देशातली गौराई लाकडाची, सुताराने घडवलेली. काकूंची त्यांच्या सासूच्याही सासूपासूनची. नाक झिजलेलं, रंगाचे थर इतके की मूळची सावळी होती की गोरी, तेही सांगता येऊ नये. वर्षभर ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून कोठीत पडलेली असते. चैत्रात तिला न्हाऊ घालायचं, कोनाड्यात बसवायचं, शेंगांची माळ घालायची, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा. सासरहून आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाणी म्हणणार आणि ही सगळं ऐकणार. तिच्या बुडाशी कुणाचीही सही नाही. मी सवयीने उलटी करायला गेलो, तेव्हा काकूंनी माझ्या हातावर चापट मारली. "देव हाये तो! माहेराले आली हे, अन् तू तिले उलटी करतो?"

मी गौराई मुकाट्याने जागेवर ठेवली. काकूंनी माझ्या हातावर सांजोरी ठेवली. खाता खाता मी मनातल्या मनात दोघींचा हिशेब मांडला. माझ्या कोकेशीला किंमत आहे, घराणं आहे. काकूंच्या गौराईला दरवर्षी काम आहे.

तुमच्या माळ्यावर किंवा कोठीत अशी झिजल्या नाकाची गौराई असेल, तर तिला ऑइलपेंट फासू नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. आखाजीला बाहेर काढा. अगदीच कुणी काढणारं उरलं नसेल, तर रावेरला निरोप धाडा. मी तिला उलटी करून बघणार नाही.