आरव्हीतल्या कमोडचे गळके सील: यथासांग दुरुस्ती

पहिली खूण नाकाला कळते. गाडी यलोस्टोनच्या वाटेवरच्या कुठल्याशा कॅम्पग्राउंडात उभी असते, खिडकीबाहेर पाइनची झाडे, शेगडीवर आल्याचा चहा, आणि आत दरवळ मात्र एस.टी. स्टँडच्या मागच्या भिंतीचा. अशा वेळी कुटुंबातला प्रत्येक जण आधी दुसऱ्याकडे बघतो. हा टप्पा गाळता येत नाही. सगळ्यांच्या साक्षी होऊन सर्वांची निर्दोष सुटका झाली, की मगच कमोडकडे वळावे.

प्रस्तुत मार्गदर्शन अमेरिकेतल्या त्या मराठी गृहस्थांसाठी आहे, ज्यांनी आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हणून वापरलेली आरव्ही घेतली. घेताना इंजिन, टायर, एसी, फ्रिज, झाडून सगळे तपासले, पण कमोडपाशी गुडघे टेकले नाहीत. ते आता टेकायचे आहेत.

आधी थोडे शास्त्र. घरातल्या कमोडखाली वळणदार पाइप असतो. त्या वळणात पाणी साचून राहते आणि गटाराचा वास तिथेच अडतो. आरव्हीत ही चैन नाही. भांड्याच्या तळाशी एक सरकते झाकण असते, कुठे अर्धगोल, कुठे सपाट. पायाने पेडल दाबले की ते बाजूला होते आणि ऐवज थेट खालच्या ब्लॅक टँकमध्ये पडतो. ही टाकी बहुधा ३० ते ४० गॅलनची, म्हणजे सुमारे ११५ ते १५० लिटरची. तिच्यात आणि तुमच्या चहात आडवे येते ते एक रबरी सील आणि त्याच्यावर साचलेले बोटभर पाणी, बस्स. सील सुकले, चिरले, किंवा त्याच्या खाचेत कागदाचा लगदा अडकला, की पाणी रात्रीतून खाली उतरते आणि वास वर चढतो. छतावरचा पंखा चालू ठेवून पेडल दाबणारे लोक या कामाला हातभारच लावतात. पंखा गाडीतली हवा बाहेर ओढतो, आणि तिची भरपाई टाकी करते.

आता निदान. पाना हातात घेण्याची घाई करू नये. ती पुरुषांना फार असते. रात्री भांड्यात पाणी भरावे, कमोडच्या बुडाभोवती कोरडा पेपर टॉवेल अंथरावा आणि निजावे. सकाळी भांडे कोरडे आणि टॉवेलही कोरडा, तर दोष झाकणाच्या सीलचा. भांड्यात पाणी शाबूत, पण फ्लश केल्यावर बुडाशी ओल येते, तर जमिनीलगतच्या फ्लँजचे (कमोड ज्या कड्यावर बसतो त्याचे) सील गेले. पंप चालू असताना कमोडच्या मागून सतत ठिबकत असेल, तर बिचाऱ्या सीलचा काहीही संबंध नाही. पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह किंवा त्याची जोडणी बघावी आणि सीलची माफी मागावी.

निदान चालू असतानाच बाबा येतील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले बाबा गळती पाहून गप्प बसत नाहीत. "अरे, त्यात काय एवढं? एम-सील लाव." एम-सील त्यांच्या बॅगेत असतेच, चितळ्यांच्या बाकरवडीशेजारी. एम-सील वाळल्यावर दगड होते आणि हे झाकण तर दिवसभर हलायचे आहे, असे समजावत बसू नये. "बरं बाबा," म्हणावे आणि त्यांच्या हाती टॉर्च द्यावा. टॉर्च धरलेला माणूस निम्मा गप्प होतो.

यानंतर कुणाला तरी बोलवावे असा विचार मनात येईल. येऊ द्यावा. दारात येऊन आरव्ही दुरुस्त करणारा टेक्निशियन भर उन्हाळ्यात लवकर मिळत नाही, आणि मिळाला तर नुसते येण्याचेच पैसे वेगळे सांगतो. पुण्यात असतो तर वॉचमनला हाक मारून "जरा कुणाला तरी पाठव" म्हटले असते. त्या 'कुणाला तरी'वर आपल्या पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ राहिल्या. पण त्याला व्हिसा मिळत नाही. धीर खचला तर एवढे आठवावे: १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी उपोषणाचा मार्ग धरला, आणि डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. संडास साफ करायला मिळावा म्हणून एक मराठी माणूस उपाशी राहिला. तुम्हाला तर कुणी अडवलेलेही नाही, आणि नाश्ताही झालेला आहे.

सामग्री: नायट्राइलचे हातमोजे (एकावर एक दोन), जुना टूथब्रश (जुनाच, आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून घेतलेला), पांढरे व्हिनेगर, सिलिकॉन ग्रीस, चिंध्या, आणि पेडल दाबायला एक विश्वासू माणूस. पंप बंद करावा, बाहेरून पाण्याचा पाइप जोडलेला असेल तर तोही बंद करावा, आणि एकदा पेडल दाबून उरलेला दाब मोकळा करावा. त्याआधी टाकी डंप स्टेशनवर रिकामी करून धुऊन आणावी. ही पायरी टाळणारे लोक आहेत. त्यांच्या गोष्टी कॅम्पग्राउंडात रात्री शेकोटीभोवती सांगतात.

आता मुख्य काम. पेडल दाबून धरायला पत्नी उभी, टॉर्च धरून बाबा वाकलेले, तुमचा हात मनगटापर्यंत भांड्यात. चौरस मीटरभर जागेत तीन माणसे. सीलच्या ओठाखाली बारीक खाच असते, तिच्यात टूथब्रश फिरवावा. करडा लगदा निघेल, आणि गाडी हार्ड वॉटरच्या भागात फिरली असेल तर खवल्यांसारखा चुनाही. चुन्यावर व्हिनेगर. भांड्यात ओतलेले ते टिकणार नाही, कारण भांडे गळते, आणि आपण इथे त्याचसाठी जमलो आहोत. म्हणून चिंधी व्हिनेगरमध्ये भिजवून सीलभोवती दाबून ठेवावी आणि चहा घेऊन यावे. परतल्यावर पुन्हा घासावे. या सुमारास वरून आवाज येईल, "अरे, पाय काढू का? मुंग्या आल्या." उघड्या झाकणात हात असताना या प्रश्नाचे उत्तर शांतपणे देणे हीच गृहस्थाश्रमाची परीक्षा. अंगठी, घड्याळ आणि शर्टाच्या खिशातला फोन आधीच बाहेर काढून ठेवावा. खाली अंधार आहे, आणि त्या अंधारातून परत आलेला फोन कुणी कानाला लावत नाही.

खाच स्वच्छ झाली की सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. व्हॅसलीन नको, पेट्रोलियममुळे बरेचसे रबर फुगते. आई खोबरेल तेल सुचवतील. ते केसांना. मग भांड्यात पाणी भरून रात्रभर ठेवावे. पुष्कळदा गोष्ट इथेच संपते आणि नवे सील आणावेच लागत नाही, हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

सकाळी भांडे पुन्हा कोरडे दिसले तर मात्र सील बदलायचे. मॉडेल नंबरचे लेबल बहुधा कमोडच्या मागे किंवा बुडाशी असते, म्हणजे जिथे डोके जात नाही तिथे. फोन मागे सरकवून फोटो काढावा. काही मॉडेलांत वरूनच जुने सील ओढून नवे बसवता येते. काहींत, आणि फ्लँजच्या गळतीत तर नक्कीच, अख्खा कमोड उचलावा लागतो. पाण्याची जोडणी सोडवावी, बुडाचे नट काढावेत (पुढचा दिसतो, मागचा फक्त बोटांना भेटतो), आणि कमोड सरळ वर उचलावा. उघड्या पडलेल्या भोकात ताबडतोब चिंधी कोंबावी, पण तिचे शेपूट बाहेर ठेवावे. इथे घरातल्यासारखी मेणाची रिंग वापरू नये. गाडी धक्के खाते, उन्हात तापते, आणि मेण दोन्हींपुढे हार मानते. आरव्हीसाठी रबराचे किंवा फोमचे सील मिळते, तेच घ्यावे.

कमोड बाजूला आहे तोवर आजूबाजूची जमीन स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावी. टोक प्लायवुडमध्ये लोण्यासारखे शिरले, तर गळती जुनी आहे. आणि ज्याने गाडी विकताना "कमोड एकदम फर्स्ट क्लास" म्हटले होते, त्याच्याबद्दल काय बोलायचे ते तिथेच, पंखा चालू करून, बोलून घ्यावे. मऊ झालेली जमीन आधी दुरुस्त करावी. तिच्यावर नवे सील बसवणे म्हणजे पैसे त्याच भोकात टाकणे. नट आवळताना थोडा डावा, थोडा उजवा असे आलटून पालटून आवळावेत. चिनी मातीचा कमोड असेल तर हात विशेष आखडता. तडा जाताना फक्त "टक्‌" असा आवाज होतो, आणि त्याची किंमत पूर्ण कमोडाएवढी असते. चारदोनशे मैल फिरून झाल्यावर नट पुन्हा एकदा हलकेच तपासावेत.

गाडी उभी करून ठेवताना भांड्यात थोडे पाणी राहू द्यावे, म्हणजे सील सुकत नाही. जिथे बर्फ पडतो तिथे पाण्याऐवजी आरव्हीचे गुलाबी अँटिफ्रीझ ओतावे.

एक शेवटची सूचना. दुरुस्ती जमल्याचे मंडळाच्या गणेशोत्सवात कुणालाही सांगू नये. महाप्रसादाच्या रांगेत मागून खांद्यावर हात पडतो, "काय रे, तुझ्याकडे तो पाना आहे ना?" आणि पुढच्या शनिवारी तुम्ही दुसऱ्याच्या आरव्हीत, दुसऱ्याच्या बाबांच्या टॉर्चच्या उजेडात, पुन्हा गुडघ्यांवर असता. सांगितलेच असेल, तर हातमोजे यजमानांना आणायला सांगावेत.