उतारा

आमचे काका जगाकडे धानाच्या नजरेने बघतात. रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर अभनपूर. तिथे त्यांची राइस मिल. सदऱ्याच्या खिशात कायम नमुन्याच्या पुड्या. लग्नात अक्षता हातात पडल्या की मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यात कणी किती, हे मोजून झालेलं असतं. एचएमटी तांदळाला नाव घड्याळाचं असलं तरी तो शोधला चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागड्यांनी, हे तिकडच्या प्रत्येक नव्या साहेबाला ते ऐकवतात.

अशा माणसाला मुंबईत जपानी हॉटेलात नेलं, ही चूक माझीच. 2004 साली ताजमध्ये ‘वासाबी बाय मोरिमोतो’ उघडलं तेव्हा ते जेवण नवलाचं होतं. आता आमच्या उपनगरातही बारसकट एक आलंय. उजेड इतका बेताचा, की काकांनी बसल्या बसल्या मोबाइलची बॅटरी लावली.

सुशी आली. पोत्यावरची चिठ्ठी काढावी तसा काकांनी वरचा मासा बाजूला सारला, भाताचं एक शीत काळ्या बशीवर ठेवलं आणि नखाने दाबलं. शितावरून भाताची परीक्षा इतक्या शब्दशः घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काउंटरमागचा शेफ सुरी थांबवून बघायला लागला.

“आखूड दाणा. नवा तांदूळ. सिरका घातलाय.”

शेफ खूश. जपानात नव्या तांदळाचंच कौतुक असतं, म्हणाला.

“ऐक!” काका माझ्याकडे वळले. “आपण जुना करायला गोदामं भरतो. आणि असा गिचका भात आपल्याकडे झाला तर सुनेला ऐकावं लागतं. इथे बिल लावतात.”

काका दारूला शिवत नाहीत. पण साके तांदळाची असते हे कळल्यावर म्हणाले, “तांदळाची? मग बघू.” वेटर उत्साही होता. दाण्याच्या बाहेरच्या थरातली चरबी आणि प्रथिनं वास बिघडवतात, म्हणून दाइगिंजो नावाच्या साकेसाठी तांदूळ घासून निम्मा किंवा त्याहून कमी उरवतात, असं त्याने सांगितलं. काकांचा पेला वाटेतच थांबला.

“निम्मा? धानाच्या निम्मा?”

“नाही सर, ब्राउन राइसच्या.”

“म्हणजे तूस आधीच गेलं!” काकांचा आवाज चढला. “अरे, सरकार आमच्याकडून क्विंटलभर धानाला 67 किलो अरवा मागतं. उतारा किलोभर घसरला तर मला झोप लागत नाही. हे जाणूनबुजून अर्धा उडवतात? यांचं दिवाळं कसं निघत नाही?”

वेटरने कार्डावरच्या किमतीवर बोट ठेवलं. कसं निघत नाही, ते काकांना कळलं.

“बरं, मग कोंढ्याचं काय करतात?”

वेटरने कॅप्टनला बोलावलं, कॅप्टनने मॅनेजरला. तिघं हात बांधून उभे. काकांनी सावकाश एक घोट घेतला, डोळे मिटले. “वासाला दुबराज, अंगाला पेज,” असा निकाल दिला आणि पेला पालथा घातला.

परवा ते परत गेले. 2025 पासून रायपूर-अभनपूर मोठ्या लाइनवरची गाडी सुरू झालीय, त्यामुळे खुशीत होते. आज पहाटे साडेपाचला फोन.

“नीट पोचलात ना काका?”

“ते सोड. कोंढ्याचं विचारलंस का?”