साठीतल्या रेकॉर्डी: सोलापुरातील संग्राहकांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

१. व्याख्या आणि व्याप्ती

जिच्याबद्दल शहरातल्या पाच जणांना सर्व काही ठाऊक असते आणि जिची प्रत सहाव्याच्याच घरी असते, ती दुर्मिळ रेकॉर्ड. सहाव्याला तिच्याबद्दल काहीच ठाऊक नसते. त्याने तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली असते. पाच जणांनी त्या बरणीपर्यंत पोहोचणे आणि पोहोचल्याचे उरलेल्या चौघांना कळू न देणे, या खटपटीला संग्रह म्हणतात.

प्रस्तुत मार्गदर्शन १९६० च्या दशकातल्या मराठी गायिकांच्या रेकॉर्डींपुरते आहे: भावगीते, लावण्या, कोळीगीते आणि चित्रपटातली मागे पडलेली गाणी. ज्या रेकॉर्डी घरोघरी होत्या त्यांचा येथे विचार नाही. त्या सर्वांना आवडतात, त्यामुळे संग्राहकाला आवडून चालत नाही. अमेरिकेतले संग्राहक याच दशकातल्या मुलींच्या गायनवृंदांमागे असतात. तिकडे शिरेल्स, रोनेट्स अशा तीन-चार मुली एकत्र उभ्या राहून गात आणि वृंदाचे नाव होई. मुलींची नावे शोधावी लागतात. मराठीत गायिका एकेकटी गाई आणि तिच्यामागे गाणाऱ्या साऱ्या जणी लेबलवर ‘व कोरस’ एवढ्यात आटोपत. आवाज उरला आणि नाव गेले, हे दुखणे दोन्हीकडे सारखेच.

दशक साठीचे आहे आणि बहुतेक संग्राहकांचीही साठी उलटलेली आहे. या दोन साठ्यांची गल्लत करू नये. पहिलीत स्मरणशक्ती लागते. दुसरीत ती असल्याचा आत्मविश्वास पुरतो.

२. प्रकार

त्या काळी रेकॉर्डींच्या तीन पिढ्या एकाच छपराखाली नांदत होत्या. थोरली ७८ फेऱ्यांची, लाखेची, बहुधा दहा इंची. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे एकच गाणे. मधली ४५ फेऱ्यांची, सात इंची ईपी. दोन्ही बाजू मिळून बहुधा चार गाणी. धाकटी ३३⅓ फेऱ्यांची, बारा इंची एलपी.

थोरली परदेशात १९६० च्या सुमारास निवर्तली. भारतात मात्र चावी मारून वाजणारे फोनो विजेची वाट न पाहता चालू होते, म्हणून ती आणखी जवळपास दशकभर टिकली. इतकी की कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीही ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली आणि जगभरचे संग्राहक आज त्या शोधतात. याचा स्थानिक परिणाम असा, की जुनी पेटी उघडताच परगावचा पाहुणा मराठी रेकॉर्डींचे तोंडभर कौतुक करतो आणि मग आळस देत विचारतो, ‘‘इंग्रजी काही आहे का हो यात?’’ या आळसाचा अर्थ ओळखायला शिकावे.

३. शोध

सोलापुरात रेकॉर्डी तीन ठिकाणी सापडतात.

पहिले ठिकाण माळा. माळ्यावरच्या रेकॉर्डी क्वचित वाजवलेल्या असतात, त्यामुळे उत्तम असतात. परंतु ‘आजोबांची आठवण’ असतात. आजोबांनी त्या कधी वाजवल्या होत्या हे कोणालाच आठवत नसले तरी भाव आठवणीचाच लागतो.

दुसरे ठिकाण जुने मंडपवाले आणि स्पीकरवाले. लग्न, गणपती आणि जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा या साऱ्यांत वाजून या रेकॉर्डी सार्वजनिक सेवेतून निवृत्त झालेल्या असतात. पोलादी पिन प्रत्येक बाजूनंतर बदलावी असा नियम होता. तो स्पीकरवाल्यांपर्यंत पोहोचला नव्हता.

तिसरे ठिकाण मंगळवार बाजार आणि भंगारवाले. येथे सोलापूरचे चारभाषिक स्वरूप ध्यानी घ्यावे लागते. ढिगात एक मराठी लावणी हवी असेल तर तिच्यासोबत तेलुगू चित्रपटगीते, कन्नड भक्तिगीते आणि कव्वाल्याही उचलाव्या लागतात, कारण विक्रेता वजनावर देतो. तेलुगू रेकॉर्डी पूर्व भागात कोणाला हव्या आहेत आणि त्याच्याकडे मराठी काय पडून आहे, हे ज्याला ठाऊक तो या शहरात तरतो. ज्याला एकच भाषा येते त्याचा माळा लवकर भरतो आणि संग्रह वाढत नाही.

खरेदीच्या वेळी हवी असलेली रेकॉर्ड प्रथम हातात घेऊ नये. आधी मोडक्या फोनोचा भाव विचारावा, मग पितळी समईचा, आणि निघता निघता तबकड्यांकडे बोट दाखवावे. ‘‘या काळ्या थाळ्या काय करणार वो?’’ असे विक्रेत्याने विचारल्यास ‘‘पोरांना खेळायला’’ हे रूढ उत्तर आहे. त्यावर ‘‘लई हुशार पोरं दिसतात की वो. मागच्या मंगळवारी पण एकजण पोरांनाच खेळायला घेऊन गेला,’’ असे ऐकू आल्यास भाव मुकाट्याने द्यावा.

४. ओळख पटवणे

रेकॉर्ड मिळाली तरी गायिका मिळाली असे होत नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानने पहिल्या रेकॉर्डी भरल्या, तेव्हा गाणे संपताच ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत असे. मुद्रण जर्मनीत होणार होते आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. पुढे लेबले नीट छापली जाऊ लागली, ही प्रथा मोडली आणि अडचण सुरू झाली: लेबल फाटते.

लेबल शाबूत असले तरी आडनावाचा प्रश्न उरतो. गायिकेचे लग्न होते आणि कॅटलॉगमध्ये एक बाई संपून दुसरी सुरू होते. माणिक दादरकर याच माणिक वर्मा. मालती पांडे पुढे बर्वे झाल्या. सुलोचना कदम या नावाने हिंदीत गाणाऱ्या गायिकेला महाराष्ट्राने सुलोचना चव्हाण म्हणून डोक्यावर घेतले. १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’नंतर तर लावणी म्हणजे त्याच, असे समीकरण झाले. सुमन हेमाडी या सुमन कल्याणपूर. ज्योत्स्ना भोळे या मूळच्या दुर्गा केळेकर, म्हणजे तेथे नाव आणि आडनाव दोन्ही बदलले. सबब, चांगल्या संग्राहकाकडे भिंगाशेजारी लग्नपत्रिकांचा गठ्ठा असावा.

मुद्दाम घेतलेली नावे हा स्वतंत्र धडा आहे. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापले होते. कामिनी ही चित्रपटातली व्यक्तिरेखा, आणि गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. साठच्या दशकात ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) यांना संगीत देणारे ‘आनंदघन’ म्हणजेही त्याच. हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तरी बैठकीत ते दबक्या आवाजात, दाराकडे पाहून सांगण्याची पद्धत आहे.

सुमन कल्याणपूर की लता मंगेशकर, असा वाद निघाल्यास ज्याच्या घरी चहा आहे त्याचे मत ग्राह्य धरावे.

एक इशारा. लावणीकार रामजोशी सोलापूरचे. त्यांचा काळ ध्वनिमुद्रणाच्या बऱ्याच आधीचा. ‘रामजोशींची ओरिजिनल रेकॉर्ड’ कोणी देऊ केल्यास ती १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाची असते. विक्रेता खोटे बोलत नसतो. त्याने लेबलवरची पहिली ओळ अर्धीच वाचलेली असते.

५. दर्जा

रेकॉर्डींच्या अवस्थेचे वर्णन करण्यासाठी पुढील संज्ञा रूढ आहेत. ‘नवीकोरी’: मालकाकडे फोनो नव्हता. ‘एकदम चांगली’: शेंगा भाजल्यासारखा आवाज येतो, पण मागे गाणे आहे. ‘थोडी घासलेली’: शेंगांची चटणी झालेली आहे. ‘चालेल’: पिन एका जागी अडकते आणि गायिका तोच शब्द घरचे कोणी उठेपर्यंत म्हणत राहते. ‘हाय की’: दोन तुकडे आहेत, दोन्ही आहेत.

६. ज्ञानाची देवाणघेवाण

संग्राहकाने दुसऱ्याला माहिती द्यावी की नाही, यावर दोन मते आहेत आणि बहुतेक संग्राहक दोन्ही बाळगतात: इतरांनी द्यावी, आपण विचार करू. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात जुन्या अमेरिकन सोल संगीतावर नाचण्याचे क्लब होते. तिथले रेकॉर्ड वाजवणारे प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवून गायकाचे खोटेच नाव सांगत. वेड किती महाग पडते, तर फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ ची एक रेकॉर्ड, जिच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही प्रती माहीत नव्हत्या, २००९ मध्ये २५,००० पौंडांहून अधिक किमतीला गेली. सोलापुरात कागद चिकटवत नाहीत. येथे रेकॉर्ड दाखवताना अंगठा नेमका नंबरावर ठेवतात.

परंतु अंगठ्याची पद्धत साठीतल्या गायिकांच्या बाबतीत फार काळ चालत नाही. एकाकडे रेकॉर्ड असते आणि लेबल फाटलेले. दुसऱ्याकडे गाण्यांची जुनी पुस्तिका असते, तिच्यात कवीचे नाव, पण रेकॉर्ड नाही. तिसऱ्याने ते गाणे रेडिओवर ऐकलेले, निवेदकाने घेतलेले नाव त्याला अर्धे आठवते. चौथा गायिकेच्या सासरकडून नातलग लागतो आणि त्याला गाण्यातले काही कळत नाही. चौघे चार पेठांत, आपापला तुकडा उशाशी घेऊन झोपतात आणि बाई निनावी राहते. लपवलेल्या माहितीचे व्याज कोणालाच मिळत नाही.

म्हणून संस्था निघतात. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, सुरेश चांदवणकर यांच्यासारखे अभ्यासक तिचे काम पाहू लागले, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक निघाले आणि १९९३ मध्ये सोलापुरातही शाखा झाली. विषय ठरवून रेकॉर्डी ऐकवायच्या, असे तिच्या श्रवणसत्रांचे स्वरूप. अशा सत्रात नवख्याने एक माहिती द्यावी आणि दोन विचाराव्यात. अनुभवी माणूस अर्धी देतो व तीन विचारतो. तरी सर्वांची बेरीज केली असता माहिती वाढलेलीच निघते. कोठून मिळाली, हे मात्र विचारू नये. विचारल्यास ‘‘मिळाली बे कुठंतरी’’ हेच उत्तर येते, आणि तेही मित्रालाच. परक्याला ‘‘घरातच होती वो’’ असे सांगितले जाते.

७. निगा

सोलापूरचा मे महिना हा संग्रहाचा खरा परीक्षक. पारा चाळिशीपलीकडे राहतो आणि पत्र्याखालच्या खोलीत रेकॉर्ड पोळीसारखी फुगते. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्यास खालची वरच्यांच्या भाराने वाकते किंवा फुटते. वाकलेली लाखेची तबकडी गरम करून तिची फुलदाणी करण्याची कला एके काळी घरोघरी होती. पश्चिमेकडच्या भिंतीला लागून पेटी ठेवल्यास ती आपोआप साधते.

पुसण्यासाठी मऊ कोरडे कापड घ्यावे. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कदापि लावू नये, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते. रेकॉर्ड स्वच्छ होते आणि गाणेही. ७८ च्या रेकॉर्डीचे चरे रुंद असतात, तिला एलपीची बारीक सुई लावू नये; उलट, फोनोची पोलादी पिन ईपीवर टेकवणे हा नांगर चालवण्याचा प्रकार आहे. नेआण करताना सोलापुरी चादरीत गुंडाळावे. चटणी-भाकरीनंतर हात धुवावेत. तेलाचा ठसा लेबलवर उमटला की पुढच्या पिढीतले संग्राहक तो कंपनीचा शिक्का समजून त्यावर लेख लिहितात.

८. श्रवण

रेकॉर्ड वाजवताही येते. हा भाग शेवटी घेण्याचे कारण, संग्राहकही तो शेवटीच घेतात.

चौघांना बोलवावे. पंखा बंद करावा. त्याच्या घरघरीत कोरसमधल्या बायका ऐकू येत नाहीत. घाम पुसण्याचे टॉवेल यजमानाने द्यावेत. पहिला मिनिटभर सर्वजण खरखरीवर मत देतात, ते देऊ द्यावे. दुसऱ्या मिनिटाला सहसा कोणी बोलत नाही. तिसऱ्या मिनिटाला गाणे संपते आणि ज्याला गाण्यातले काही कळत नाही तो चौथा म्हणतो, ‘‘आवाज आमच्या काकूंच्या थोरल्या बहिणीचा वाटतो. लग्नाआधी गायच्या म्हणे.’’

येथे हसू नये. त्या बहिणीचे माहेरचे आडनाव विचारावे, दुसऱ्याने पुस्तिका उघडावी, तिसऱ्याने रेडिओवरचे अर्धे नाव पुन्हा आठवून पाहावे. जुळल्यास रेकॉर्डच्या कव्हरवर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, नाव लिहावे: आधी माहेरचे, मग सासरचे. लिहावे शिसपेन्सिलीने. दुसरी बाजू अजून वाजवायची आहे.