कोण गेलं?

गंगाखेड स्टेशनाबाहेर आम्ही पिशव्या सांभाळत उभे होतो. एक रिक्षावाला जवळ आला, आवाज खाली घेतला आणि म्हणाला, "कोण गेलं?"

माझा पुण्याचा मावसभाऊ बावचळला. त्याच्या कापडी पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन केळी होती. पण पिशवी अशी पोटाशी धरली की गंगाखेडात तिचा अर्थ एकच. परभणी जिल्ह्यातल्या, गोदाकाठच्या या गावाला दक्षिण काशी म्हणतात. बाहेरचा माणूस इथं उतरला की तो बहुतेक अस्थी घेऊन, नाहीतर दहाव्याला. "कोणी गेलं नाही, फिरायला आलोय," म्हटल्यावर रिक्षावाल्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फिरायला? हितं?"

त्याचं काय चुकलं? 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही ऊर भरून सांगतो, आणि पाहुणा आला की त्याला औंढा, परळी, नांदेड असा फेरा घडवून आणतो. तिन्ही परजिल्ह्यांत. औंढा नागनाथ तरी आमचा होता. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी निघाली आणि भावकीच्या वाटणीत ज्योतिर्लिंग तिकडे गेलं. तेव्हापासून आम्ही दुसऱ्याच्या वाड्यातला आपला जुना देव दाखवत हिंडतो.

घाटावर गर्दी होती. वस्तरा, दर्भ, पिठाचे गोळे आणि 'गुरुजी, आमचं कधी?' अशी घाई. गोदामाईला पाणी बेताचंच. तिला किती वाहायचं ते पैठणला जायकवाडीत ठरतं आणि उरलेलं वाटेतले बंधारे ठरवतात. गुडघाभर पाण्यात दहा-बारा वर्षांचा एक पोरगा दोरीला चुंबक बांधून उभा होता. जुन्या स्पीकरमधलं काळं, गोल चुंबक. तो ते फेकायचा, चिखलातून ओढायचा आणि चिकटलेलं नाणं चड्डीला पुसून खिशात टाकायचा. "रुपया-दोन रुपये चिकटतेत," त्याने ज्ञान दिलं, "दहाचं नाही चिकटत. लोकांना सांगा, दहाचं टाकू नका, वाया जातंय." अख्ख्या घाटावर आम्हाला भेटलेला वाटाड्या तेवढाच, आणि त्यानेही आमच्याकडे काही मागितलं नाही.

मग जनाबाईचं देऊळ. इथल्या दमा-करुंडची ही पोर लहानपणीच पंढरपूरला दामाशेटीच्या घरी कामाला राहिली. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. झाडलोट, दळणकांडण, शेण गोळा करणं, असा तिचा दिवस, आणि त्यातून साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर. कबीर तिला भेटायला आले तेव्हा ती म्हणे चोरलेल्या गोवऱ्यांवरून भांडत होती. 'माझ्या कोणत्या?' तर ज्यातून विठ्ठल ऐकू येईल त्या. ही आख्यायिका मला फार आवडते, कारण संतपण मिळालं तरी बाईने गोवऱ्या सोडल्या नाहीत. पण तिचं जातं पाहायचं असेल तर गंगाखेडात काही उपयोग नाही. ते पंढरपूरजवळ गोपाळपूरला दाखवतात. माहेरात देऊळ, सासर नसलेल्या गावी जातं. जिथं राबली तिथं खूण राहिली. आम्ही जन्माच्या दाखल्यावर हक्क सांगतोय.

जन्माच्या दाखल्यावरून आठवलं. याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पाथरी आहे. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून तिच्यासाठी जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी १०० कोटी जाहीर केले आणि १९ जानेवारीला शिर्डीने बंद पाळला. बाबांनी आयुष्यभर जात, गाव, पत्ता सांगितला नाही आणि इकडे दोन गावं त्यांच्या पत्त्यावरून हमरीतुमरीवर. जनाबाईच्या गावावर वाद नाही, त्यामुळे बंद नाही, आणि बंद नाही म्हणून बातमीही नाही. गंगाखेडकरांनी पंढरपूरशी एकदा कडाक्याचं भांडण उकरून काढावं अशी माझी नम्र सूचना आहे.

दुपारी धारासूरला गेलो. गोदेकाठी गुप्तेश्वराचं देऊळ, बाहेरच्या भिंती शिल्पांनी गच्च. आरशात पाहणारी, वळून उभी राहिलेली, एकीची बोटं झिजलेली, तरी डौल शाबूत. एका आजोबांनी ठासून सांगितलं, "हेमाडपंती हाये." आमच्याकडे चुन्याशिवाय दगडावर दगड दिसला की तो हेमाडपंती. हेमाद्री यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अभ्यासक हे देऊळ त्याच्याही आधीच्या, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात नेतात. मराठवाड्यातली सगळी देवळं त्या एकट्याने बांधली असती तर बिचाऱ्याला यादवांचा कारभार बघायला वेळ कधी मिळाला असता? मावसभावाने चाळीस फोटो काढले. त्यातले तीस स्वतःचे.

परतताना संध्याकाळी तोच रिक्षावाला भेटला. आता ओळख झाली होती. "झालं का फिरून?" त्याने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "आमच्याकडं बी फिरायला जातेत. दसरा झाला की अर्धा तांडा रिकामा. लेकरंबाळं, कोंबड्या, सगळं गाडीत घालून."

"कुठं? देवदर्शनाला?" मावसभावाने उत्साहाने विचारलं.

"कोल्हापूरकडं," त्याने गिअर टाकला. "ऊस तोडायला."