वक्तशीरपणात पैकीच्या पैकी

सीमेवरच्या जिल्ह्यांचं शेजारच्या राज्याशी किती पटतं, हे आता मोजायचं ठरलं आहे. कोणी ठरवलं ते विचारू नका. मोजणारे कुठूनही उगवतात. त्यांच्याजवळ एक तक्ता असतो, तक्त्यात रकाने असतात आणि प्रत्येक रकान्यात पाचपैकी गुण भरायचे असतात. वर्षात बैठका किती झाल्या? इतिवृत्त दोन्ही भाषांत निघालं का? शाली-श्रीफळांची देवाणघेवाण झाली का? आणि आमचा सगळ्यांत लाडका रकाना: ठरलेलं काम ठरलेल्या तारखेला झालं का?

या रकान्यात नांदेड जिल्ह्याचा हात कोणी धरू शकत नाही. पाचपैकी पाच. तक्त्यात सोय असेल तर सहा द्या.

धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. चौदा दरवाज्यांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाप्रमाणे हे दरवाजे १ जुलैला वर जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत वरच राहतात. २९ ऑक्टोबरला खाली. पुढे १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी तेलंगणाला सोडायचं. निकालाबद्दल आमची कुरकुर नाही. खाली पोचमपाडचं धरण आहे आणि त्याच्या कालव्यावर रब्बी काढणाराही शेतकरीच आहे. आम्ही थक्क होतो ते तारखेनं.

कारण तारीख पाळण्याची आपल्याकडे रीत नाही. गावची बस वेळेवर येत नाही. मृगाचा पाऊस मृगात येत नाही. पीकविमा पुढचं पीक हातचं गेल्यावर येतो. सोयाबीनचं खरेदी केंद्र उघडतं तेव्हा सोयाबीन व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन महिना झालेला असतो. आणि या सगळ्या मुलखात १ जुलै उजाडला की दोन्हीकडचे साहेब सकाळी सकाळी बंधाऱ्यावर हजर! कोणाचा टायर पंक्चर नाही, कोणाची मीटिंग नाही, कोणी रजेवर नाही. कळ दाबली जाते, दरवाजे वर जातात, फोटो निघतो आणि साठलेलं पाणी मुकाट्यानं निजामाबादची वाट धरतं. एवढी शिस्त आम्ही फक्त लग्नाच्या पंगतीत वाढपी मठ्ठा संपल्याचं सांगतो तेव्हा पाहिली आहे.

आता उरला प्रश्न गोदावरीचा. तिला तारीख समजते का? त्र्यंबकेश्वरापासून ती निघते तेव्हा तिला कोणी पंचांग दिलेलं नसतं. नाशिकला तिला अडवतात, पैठणला अडवतात, नांदेडच्या उंबरठ्यावर विष्णुपुरीला अडवतात आणि यातलं कोणी तिला वार विचारत नाही. एवढा प्रवास करून ती बाभळीला पोचते तेव्हा मात्र तिनं दबकत विचारायचं, 'बाई, आज किती तारीख?' तीस जून असेल तर थांबायचं, एक जुलै असेल तर निघायचं. जुलै कोरडा गेला तरी निघायचं. ऑगस्टमध्ये तीन आठवडे उघडीप पडली, कापसानं माना टाकल्या, तरी दरवाजे वर ते वरच, कारण सहकार्य चालू आहे. मग येतो २९ ऑक्टोबर. परतीचा पाऊस बहुधा परतून घरी पोचलेला असतो. साहेब पुन्हा हजर, दरवाजे पुन्हा खाली, फोटो पुन्हा. बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी; वरून विष्णुपुरीतून काही आलं तर भरायची, नाहीतर क्षमता ही क्षमताच असते, ती कागदावर कधी आटत नाही. आमची एकच सूचना आहे. धर्माबाद, उमरी, बिलोली तालुक्यांतल्या माणसांना आणि जनावरांना १ जुलै ते २८ ऑक्टोबर तहान लागू नये, असाही एक आदेश काढावा. उसानं या काळात वाढू नये. विहिरींनी पाझर बंद ठेवावेत. नोव्हेंबरात ढगांनी एकदा फिरून येऊन दरवाजे नीट बसलेत का बघून जावं. म्हणजे तक्ता निर्दोष होईल.

तक्त्यात मावत नाही असं सहकार्यही इकडे भरपूर आहे, पण त्याला गुण नाहीत. धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात सौदा तेलुगूत सुरू होतो, दख्खनीत तुटतो आणि मराठीत चहा होतो. इतिवृत्त निघत नाही. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून निघून इकडे आले आणि नांदेडचे मुधोळ-भैंसा तिकडे गेले. सोयरिकी जागच्या हलल्या नाहीत. उदगीरची लेक अजून बीदरला नांदते आणि दिवाळीला माहेरी येते, समन्वय समितीशिवाय. मांजरा तर बीडच्या डोंगरात उगम पावते, लातूरमधून कर्नाटकात जाते, तिथून तेलंगणात, पुन्हा नांदेडच्या कडेनं उतरून कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. तिला अजून कोणी तारखा दिल्या नाहीत हे तिचं नशीब. (मोजणाऱ्यांच्या लक्षात आणून दिल्याबद्दल लातूरकरांनी माफ करावं. एप्रिल २०१६ मध्ये त्यांना पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं, म्हणजे शेजाऱ्यापेक्षा रेल्वेचा रूळ जवळचा, हे त्यांना ठाऊक आहे.)

मध्यंतरी धर्माबाद तालुक्यातली काही गावं म्हणाली, आम्हाला सरळ तेलंगणात घाला. सीमेपलीकडे २०१८ सालापासून शेतीला चोवीस तास वीज आणि हंगामाला एकरी चार हजार रुपये मिळू लागले होते, आणि अलीकडचा माणूस रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जात होता. इकडे केवढा गहजब झाला! खरं तर याला तक्त्यात सर्वाधिक गुण हवेत. शेजाऱ्याशी सहकार्य करायला माणसं गावठाणासकट निघाली होती.

असो. वक्तशीरपणाचं कौतुक इथवर ठीक होतं. आता लेंडी.

लेंडी प्रकल्प मुखेड तालुक्यात आहे. दोन राज्यांचा मिळून आहे, म्हणजे सहकार्याचा नमुनाच. पाणी ६२ टक्के आपलं, ३८ टक्के त्यांचं. कामाला हात लागला ऐंशीच्या दशकात. तेव्हा पलीकडे आंध्र प्रदेश होता. २ जून २०१४ ला तिथं तेलंगणा आलं. चळवळ झाली, उपोषणं झाली, संसदेत कायदा झाला, एक अख्खं राज्य जन्माला येऊन शाळेत जायला लागलं आणि लेंडीचं धरण काही पुरं होईना. बुडीत गावांच्या पुनर्वसनाचं घोंगडं भिजत पडलं. मावेजा कधी, भूखंड कधी, तिथं नळ कधी, शाळा कधी? एकाही प्रश्नाला तारीख नाही. ज्यांनी विचारलं ते म्हातारे होऊन गेले आणि आता त्यांचे नातू विचारतात. मग ऑगस्ट २०२५ मध्ये एका रात्रीत हसनाळ, रावणगाव, भासवाडीत पाणी शिरलं. माणसं बुडून मेली. दावणीची जनावरं दावणीलाच मेली. घोंगडं भिजत ठेवलं की एक दिवस घरही भिजतं, हे कळायला चाळीस वर्षं पुरली नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी गाड्यांचे ताफे कसे धावले! तेव्हा रस्ता बरोबर सापडला.

म्हणजे पाणी सोडून द्यायचं असेल तर तारीख आहे, वार आहे, साक्षीदार आहेत, फोटोग्राफर आहे. माणसाला त्याचं हक्काचं घर द्यायचं असेल तर 'कार्यवाही सुरू आहे'. कोणत्या तक्त्यात भरायचं हे? पाचपैकी किती?

येत्या १ जुलैला बाभळीवर जमणाऱ्या दोन्हीकडच्या साहेबांना एक विनंती आहे. दरवाजे उचलण्याचं काम सकाळीच आटोपतं. परतताना घाई करू नका. बिलोली, नरसी करत मुखेडला जाता येतं. हसनाळला उतरा, लोकांसमोर एक तारीख बोला, दोघंही सही करा. आणि ती बाभळीसारखी पाळा.