कराची पडलं, दाढी अर्धीच

८ मे २०२५ची रात्र, ऑपरेशन सिंदूर चालू. कुर्ला पश्चिमेला, स्टेशनजवळच्या गल्लीतलं सलून. माझ्या एका गालाला फेस, वस्तरा हवेत आणि टीव्हीवर कराची बंदर पेटलेलं. "गेलं कराची!" कारागीर म्हणाला. थोड्या वेळाने इस्लामाबादही गेलं. दाढी होती तिथेच होती.

निवेदकाच्या आवाजामागे भोंगा ठणाणत होता. समोरच्या चाळीतल्या आजींनी खिडक्या लावल्या, दिवे मालवले. त्यांनी एकाहत्तरच्या युद्धातला ब्लॅकआउट पाहिलेला : काचांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. हा भोंगा सरकारचा की सलूनमधल्या टीव्हीचा, हे त्यांनी कसं ओळखायचं?

सकाळी कराची जागच्या जागी होतं. १० मेला नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयाला वाहिन्यांसाठी सूचनापत्र काढावं लागलं : कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, लोकांना सवय झाली तर खऱ्या भोंग्याला कुणी हलणार नाही. 'लांडगा आला रे'ची गोष्ट आता सरकारी कागदावर आली.

त्याच दिवशी पाकिस्तानातून बातमी आली की अण्वस्त्रांचा निर्णय घेणाऱ्या समितीची बैठक बोलावली आहे. मग त्यांचेच संरक्षणमंत्री म्हणाले, अशी बैठक ठरलेलीच नाही. धमकी पोचली, बैठकीचा खर्च वाचला! आणि दुपारी ३.३५ला पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी आपल्या महासंचालकांना फोन लावला. मागे ना पार्श्वसंगीत, ना पडद्यावर उडणारी विमानं. पाच वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं. आमच्या सलूनमध्ये मात्र त्यानंतरही चर्चासत्रात लाहोर घेणं चालूच होतं.

आता खरी गंमत. दोन्ही देशांत १९८८ साली करार झाला : एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. हल्ला करायचा नाही तर केंद्रं कुठे आहेत ते ठाऊक हवं, म्हणून दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद एकाच वेळी आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांच्या हाती देतात. १९९२पासून एक वर्षही खाडा नाही. कारगिल झालं, २६/११ झालं, यादी गेलीच. ती जाहीर होत नाही. पण ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र तिच्यातून सुटलं असेल, असं मानायला मी तयार नाही. कुर्ल्याहून हार्बरने मानखुर्द चार स्टेशनं, पुढे अणुशक्तीनगर, की आलं ट्रॉम्बे. म्हणजे ज्याच्या नावाने आमच्या गल्लीत रात्रभर भोंगा वाजला, त्याच्याकडे आमच्या शेजाऱ्याचा पत्ता दर नववर्षाला रीतसर पोचतो, आणि त्याचा आमच्याकडे.

ऑपरेशन सिंदूरनंतरच्या १ जानेवारीला, २०२६ साली, सिंधू पाणीवाटप करार स्थगित आणि अटारीची सीमा बंद असतानाही याद्यांची देवाणघेवाण झाली. पस्तिसावी. त्या दिवशी सलूनमधला टीव्ही चालूच होता. भोंगा वाजला नाही.