फ्रेममधली क्रेन

प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक फोटोकाका असतात, तसे मस्कतलाही आहेत. बारसं, मुंज, गणपती यांत त्यांना रस नाही. 'माणसं हलतात' ही त्यांची जुनी तक्रार. त्यांना लागतो इतिहास, आणि तोही विजेच्या तारा मध्ये न येणारा.

२०२६च्या संक्रांतीला 'कौंडिण्य' मस्कतला लागलं आणि काकांच्या जन्माचं सार्थक व्हायची वेळ आली. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रावरून बेतलेलं, पाचव्या शतकातल्या घडणीचं भारतीय नौदलाचं हे जहाज. केरळच्या कारागिरांनी गोव्यात बांधलेलं. फळ्या काथ्याने शिवलेल्या, पोटात इंजिन नाही. २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघालं ते वाऱ्याच्या भरवशावर १४ जानेवारीला पोचलं.

काकांचा सराव त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. अल बुस्तानच्या चौकात 'सोहार' उभी आहे. हीसुद्धा काथ्याने शिवलेली. टिम सेव्हरिन १९८०-८१ साली हिच्यातून ओमानहून चीनला गेले होते. तिच्याभोवती काकांनी गाडीतून इतक्या प्रदक्षिणा घातल्या, की काकूंनी एकदा मागच्या सीटवरून विचारलं, "नवस कसला बोललात हो?"

'कौंडिण्य' लागल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना काकूंनी टोकलंच. "आज किंक्रांत. शुभकार्य काढू नये."

"फोटो काढणं म्हणजे शुभकार्य नव्हे."

"ते मला पंचवीस वर्षं माहीत आहे."

मत्रहच्या कॉर्निशवर ट्रायपॉड रोवला. दुधी भोपळ्याएवढी लेन्स बाहेर आली. भोपळ्याची पिशवी धरायला मी होतो. काकांनी डोळा लावला आणि लगेच काढला.

"मागे क्रेन आहे."

बंदरात क्रेन असते, हे मी बोललो नाही. चार पावलं डावीकडे सरकलो, तर आठमजली क्रूझ जहाज आडवं आलं. उजवीकडे गेलो, तर सुलतानांची पांढरीशुभ्र नौका. मग काकांची नजर टेकडीवरच्या मत्रहच्या किल्ल्यावर गेली. मला वाटलं, हा तरी चालेल. दगडी आहे, जुना आहे.

"पोर्तुगीज," काका तुच्छतेने म्हणाले. "हजार वर्षं उशिरा आलेत."

सीगल मात्र त्यांनी पास केले. सीगल पाचव्या शतकातही असेच होते म्हणे.

खरं दुखणं निराळंच होतं. शिडं गुंडाळलेली होती. शिडांवर गंडभेरुंड आहे, सूर्य आहे. त्या दोघांसाठी काकांनी खास फिल्टर मागवला होता. "जरा शीड सोडायला सांग ना त्यांना," ते मला म्हणाले. माझा बंदराशी संबंध एवढाच, की मी तिथे मासे घेतो.

मला राहून राहून त्या अजिंठ्याच्या चित्रकाराचं कौतुक वाटत होतं. समुद्रापासून कितीतरी आत, डोंगरातल्या लेण्यात, पणतीच्या उजेडात गड्याने जहाज काढलं; शिडं हवी तेवढी फुगवली, आणि नको ते काढलंच नाही. दीड हजार वर्षांनी त्या चित्रावरून जहाज झालं, आणि आता काका त्या जहाजाचं पुन्हा चित्र करायला बसले होते. मधल्या सगळ्या शतकांना फ्रेमबाहेर उभं करून.

ऊन चढलं. काकूंनी दिलेल्या तिळाच्या वड्या मी एकट्याने संपवल्या. काका इंचाइंचाने झूम आवळत होते. क्रूझ गेली. सुलतानांची नौका गेली. किल्ला, सीगल, डोलकाठी, नाळेवरचा सिंहमुखी याळीसुद्धा गेला. साडेअकराला एकदाचा 'खट्' आवाज झाला.

"क्लीन!" काका म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, उन्हाचं असेल.

संध्याकाळी तो फोटो दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावला. शिवलेल्या दोन फळ्या आणि त्यांवरून गेलेले काथ्याचे आडवेतिडवे टाके. रेशा न् रेशा दिसत होता. खोलीत सगळे गप्प.

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही आपल्या गावच्या माडीवरची बाज ना?"